चौपाटीचं शून्य, हिमालयातला बांध

परत आल्यापासून गिरगावात ज्याला त्याला एकच विचारायचंय, "बद्रीकेदार झालं का?" नाही झालं. हिमालयात राहून आले, पण एका देवळाची घंटा वाजवली नाही. मी दगड बघायला गेले होते. असं सांगितलं की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी दया दिसायला लागते. शेजारच्या काकूंनी तर आईला गॅलरीत बोलावून हळूच विचारलं, "हिचं लग्नाचं काही बघताय की सोडूनच दिलंत?" मी चौतीस वर्षांची आहे, कॉलेजात भूशास्त्र शिकवते आणि मला राग लवकर येतो. तेव्हा एकदाच काय ते सगळं लिहून काढते, म्हणजे जिन्यात थांबून प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

ठाकूरद्वार

मला पाठवलं ते नानांनी. नाना म्हणजे आमचे निवृत्त प्राध्यापक. मीच काय, अर्धं ठाकूरद्वार त्यांना नाना म्हणतं. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी गेली तीन वर्षं हट्टानं एक पुस्तक लिहून घेताहेत. पृथ्वीवर पूर्वी हवामान कसं होतं, ते दगडांवरून कसं ओळखायचं, आणि तेही मराठीत. बाहेर संयुक्त महाराष्ट्राची धामधूम. रोज कुठे ना कुठे सभा, कामगार मैदानावरून मोर्चे, गल्लीत भिंतींवर चुन्याची अक्षरं. नाना म्हणायचे, "मराठी राज्य मागताय ना, मिळेल. मग मुलांना मराठीतून शिकवा म्हणाल. पुस्तकं कुठून आणणार? चिंचेच्या झाडावरून पाडणार?"

पुस्तकाची बहुतेक पानं शेजारच्या गल्लीतल्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून तयार होती. अडलं होतं एकच प्रकरण, हिमनद्यांचं. ते नानांचं काळजाचं प्रकरण. वीसेक वर्षांपूर्वी ते कुमाऊँच्या एका खोऱ्यात गेले होते. आज त्या खोऱ्यात बर्फाची नदी फार वर, अगदी माथ्याशी उरली आहे, पण एके काळी ती मैलोगणती खाली आली होती असं त्यांनी मांडलं. विद्वानांनी ते उडवून लावलं. एक म्हणाला, हा मुंबईचा माणूस कोसळलेल्या दरडीला हिमनदीचा बांध समजून बसला. दुसरा म्हणाला, यांनी सांगितलेली थंडी फारच जास्त आहे, इतकी पडलीच नसेल. नानांनी लेख ट्रंकेत ठेवला आणि त्यावर पुन्हा चकार शब्द काढला नाही.

"तू जा," ते म्हणाले. "बांध बघ, उंची मोज. माझं बरोबर असेल तर छापू. नसेल तर ते प्रकरणच काढून टाकू. तोवर जुळवलेल्या पानांचा फर्मा तसाच बांधून ठेवायला छापखान्याला सांगितलंय."

बांध आणि उंची हा काय प्रकार आहे तो इथेच सांगून टाकते. हिमनदी वाहताना दोन्ही काठांवरचे दगड सोबत नेते. वरच्या भागात, जिथे बर्फ साठत जातं, तिथे दगड आत गाडले जातात. खालच्या भागात बर्फ वितळतं आणि दगड बाहेर पडून काठाला शेताच्या बांधासारखी लांबलचक रास होते. नदी आटून गेली तरी बांध राहतो. तो वर जिथून सुरू होतो, ती त्या काळाची हिमरेषा. आजची हिमरेषा त्याहून किती उंच आहे ते मोजलं, की तेव्हा किती जास्त थंडी होती त्याचा हिशेब निघतो, कारण उंचीबरोबर हवा किती गार होत जाते ते ठाऊक आहे. म्हणजे सगळं येऊन थांबतं त्या बांधाच्या वरच्या टोकाच्या उंचीवर.

उंची मोजायला नानांचा बॅरोमीटर होता. हवेचा दाब ओळखून उंची सांगणारं, पुरीएवढं गोल यंत्र. त्याचा एक विधी होता आणि नानांच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी तो पाळला आहे. निघायच्या आदल्या दिवशी चौपाटीवर जायचं, पाण्याच्या कडेला उभं राहायचं, काटा शून्यावर आणायचा आणि तबकडीची कडी हलू नये म्हणून तिला लाल दोरा बांधायचा. "समुद्रापेक्षा खरं शून्य जगात नाही," नाना म्हणायचे, "आणि तो आपल्या दारात आहे." भर मे महिन्याच्या दमट संध्याकाळी भेळवाल्यांच्या मध्ये उभं राहून मी तो दोरा बांधला. कॉलेजचा नवा बॅरोमीटर होता, त्यालाही बांधला.

सोबतीला दत्ताराम होते. आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई, मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला. आधी बारा वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. खोकला धरला म्हणून गिरणी सोडली. दत्ताराम बरोबर आहेत म्हटल्यावरच आईनं मला सोडलं.

अल्मोड्याच्या पुढे

रेल्वेचं काही सांगत नाही. दोन दिवस धूळ खाल्ली, एवढं पुरे. काठगोदामहून बसनं अल्मोडा गाठलं, तिथून पुढे खेचरावर सामान आणि आम्ही पायी, असे चार दिवस.

पहिल्याच मुक्कामावर दत्तारामनी भाकरीचा तुकडा मोडला आणि चावता चावता थांबले. "बाई, ही नाचणी." तिथे तिला मडुवा म्हणतात. भट म्हणतात त्या काळ्या कडधान्याची दाट आमटी आणि नाचणीची भाकरी. "एवढ्या लांब येऊन आमच्या गावाकडचाच जेवण," ते म्हणाले आणि चार भाकऱ्या जेवले. मला मात्र तिसऱ्या दिवशी मासे आठवायला लागले. आमच्या घरात सोमवार सोडला तर मासळीवाचून ताट वाढलेलं मी पाहिलेलं नाही. चहा तिथे बिनसाखरेचा देतात आणि सोबत गुळाचा खडा. घोट घ्यायचा, खडा चावायचा. ते मला फार आवडलं आणि आता घरी तसाच पिते, आई वैतागते.

खोऱ्याच्या तोंडाशी सरकारी डाकबंगला होता. दोन खोल्या, पुढे दगडी ओटा आणि ओट्याच्या कडेला जळाऊ लाकडांचा छातीएवढा ढीग. चौकीदाराचं नाव पानसिंग. पन्नाशीचा, बारीक, फार कमी बोलणारा. दत्तारामनी लालबागहून आणलेले सुके बोंबील चुलीवर टाकले, तेव्हा मात्र तो धावत आला आणि फार अदबीनं त्यानं विचारलं की आत काय मेलं आहे. त्या दिवसापासून बोंबील अंगणाच्या टोकाला, वेगळ्या चुलीवर.

त्यानं दत्तारामना विचारलं, मुंबईत बर्फ किती पडतं. दत्ताराम म्हणाले, "पडत नाय. माजगावास्नं हातगाडीवर येतं, लाकडाच्या भुश्यात." पानसिंगला ते खोटं वाटलं असावं.

पण माझ्या हातातला बॅरोमीटर आणि त्याचा लाल दोरा पाहून तो थबकला. "असा दोरा बांधलेलं घड्याळ घेऊन एक मुंबईचे साहेब आले होते," तो म्हणाला. "माझे वडील चौकीदार होते तेव्हा. इथेच ओट्यावर बसून दिवसभर लिहायचे. दगड दिसला की त्याला हात लावून बघायचे, आजारी माणसाला बघतात तसे." मी नानांचं नाव सांगितलं. नाव त्याला आठवत नव्हतं, हात आठवत होते.

बांध

दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. पहाटे निघालो आणि साडेदहापर्यंत मी त्या बांधावर उभी होते.

दरड म्हणे. एकेक दगड उलटून मी त्या विद्वानाला मनातल्या मनात धडा शिकवत होते. दरडीतले दगड वरच्या कड्याचेच असतात. इथे कडा होता अभ्रकाच्या काळसर खडकाचा आणि बांधात पडले होते पांढऱ्या ग्रॅनाइटचे धोंडे. तो ग्रॅनाइट खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला आहे, पाच मैलांवर. तिथून ते धोंडे उचलून आणणार कोण? दगडांच्या बाजू घासून सपाट झालेल्या आणि त्यांवर एकाच दिशेनं ओढलेल्या रेघा. तव्यावर कालथ्याच्या असतात तशा. दत्तारामनाही त्या दाखवल्या. त्यांनी अंगठ्यानं चाचपून बघितल्या आणि म्हणाले, "बर्फानं केलां ह्यां?" मी हो म्हटलं. "मग बर्फ मऊ असतं असं कोण सांगता?"

बांधाचं वरचं टोक सापडलं तिथे दोन्ही बॅरोमीटर काढले. दोन्हींनी एकच उंची दाखवली. नानांची जुनी वही उघडली. वीस-पंचवीस फुटांचा फरक, तेवढंच. मला इतका आनंद झाला की मी तिथे दगडावर बसून चक्क रडले. दत्ताराम पाठ करून उभे राहिले, मग गुळाचा खडा पुढे केला.

त्या आनंदात उतरताना पाय मुरगळला. शेवटचे दोन मैल पानसिंगच्या खेचरावरून आले. बंगल्यावर पोचतो तोच ढग आले आणि छपरावर सुपारीएवढ्या गारा वाजायला लागल्या.

ओटा

सकाळी घोटा वांग्यासारखा झाला होता. बाहेर ढग तसेच. मी ओट्यावर पाय पसरून वही लिहीत होते. दत्ताराम बॅरोमीटर पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "बाई, आपण काल सकाळी इथनंच निघालो ना?"

"मग?"

"ह्याच ओट्यावरनं?"

"दत्ताराम, काय ते सरळ सांगा."

"नाय म्हणजे, काल निघताना काटा बघितलेला मी. आज तो दोनशे फूट वर गेलाय. बंगला चढला काय रात्रीत?"

मी यंत्र हिसकावूनच घेतलं. दुसरं बघितलं. तेही तेच सांगत होतं. बंगला चढला नव्हता. ढगांबरोबर हवा हलकी झाली होती, आणि हवा हलकी झाली की यंत्राला वाटतं आपण वर आलो. स्वच्छ हवेत ती जड होते आणि यंत्राला वाटतं आपण खाली आहोत. हे मी दरवर्षी पहिल्या वर्गाला शिकवते. शिकवते, आणि चौपाटीवर दोरा बांधून विसरते. कारण नानांनी बांधला होता.

पानसिंगला विचारलं, इथे आसपास सर्व्हेवाल्यांनी उंची कोरलेला दगड आहे का. तो म्हणाला, आहे की, लाकडांच्या मागे. तासभर खपून ढीग हलवला. भिंतीच्या पायाशी चौकोनी दगड, त्यावर आकडा कोरलेला. ढगाळ हवेनं चढलेला काटासुद्धा त्याच्यापेक्षा कमीच दाखवत होता. मुंबईच्या दमट, हलक्या हवेत शून्य लावायचं आणि हिमालयातल्या स्वच्छ, जड हवेत मोजायचं. काटा कमी दाखवणारच. नानांची वही काढली. त्यांच्या हातानं लिहिलं होतं, "आकाश निरभ्र. फार सुंदर दिवस."

म्हणजे माझा आकडा नानांशी जुळला तो नाना बरोबर होते म्हणून नाही. एकच चूक आम्ही दोघांनी केली म्हणून. बांधाचं टोक खरं तर बरंच उंच होतं, म्हणजे आजच्या हिमरेषेशी त्याचा फरक कमी, आणि नानांनी सांगितलेली थंडी खऱ्यापेक्षा जास्त होती. तो दुसरा विद्वान बरोबर होता.

खोटं कशाला लिहू, मनात येऊन गेलं. आकडा जुळलाय. वहीत लिहिलेला आहे. सहा दिवसांनी अल्मोड्याहून परतीची बस आहे. पाय सुजलाय. नानांना मोतीबिंदू आहे, पुस्तकासाठी त्यांनी जीव ओतलाय, आणि चौपाटीवर काय झालं ते विचारायला कोण येणार आहे? पंधरा मिनिटं मी तशीच बसले होते.  दत्ताराम लाकडं पुन्हा रचत होते, पण दगड झाकला जाणार नाही अशी.

"उद्या पुन्हा जायचं," मी म्हणाले.

"पायाचं काय?"

"पाय माझा आहे."

"मी जातो वर. तुम्ही बसा."

"तुम्हाला बांधाचं टोक कळणार नाही आणि मला इथे बसून चालणार नाही. एक यंत्र इथे दगडाजवळ राहणार, एक वर. दर अर्ध्या तासानं, एकाच क्षणी दोन्ही वाचायची. हवा बदलली तर खाली कळेल आणि वरच्या आकड्यातून ते काढून टाकता येईल. पण खालचा एक आकडासुद्धा चुकला तर वरचा फुकट."

दत्तारामनी मनगटावरचं घड्याळ माझ्या घड्याळाशी लावून घेतलं. "बारा वर्षं साच्यावर उभा होतो, बाई," ते म्हणाले. "धागा तुटला आणि मी नव्हतो, असं झालेलं नाय."

मग मी कात्री मागितली आणि दोन्ही यंत्रांचे दोरे कापले.  कडी फिरवून काटे दगडावरच्या आकड्यावर आणले.

पुन्हा वर

पानसिंगनं पहाटे अंधारातच माझ्या घोट्याला कसल्याशा पाल्याचा लेप लावून लोकरीची पट्टी घट्ट आवळली आणि जिथवर खेचर जातं तिथवर खेचरावर बसवलं. पुढचा चढ काठी घेऊन. दर वीस पावलांवर थांबत होते. मोर्च्यातून परत आले की दत्ताराम जे म्हणायचे ते मला आठवत होतं, झालाच पाहिजे. तेच पावलागणिक म्हणत गेले. पानसिंगला वाटलं मी देवाचं नाव घेते आहे, तर त्यानं हात जोडले.

साडेदहाला टोकावर पहिला आकडा लिहिला. अकरा. साडेअकरा. बारा. साडेबाराला पश्चिमेकडून ढग आले. पानसिंग म्हणाला, दीदी, आता उतरू. मी म्हटलं दोनपर्यंत नाही. एकला गारा सुरू झाल्या. मी यंत्र पोटाशी धरून एका मोठ्या ग्रॅनाइटच्या आडोशाला बसले, पानसिंगनं घोंगडं दोघांच्या डोक्यावर धरलं. हिमनदीनंच आणून ठेवलेला तो धोंडा त्या दिवशी उपयोगी पडला. दीडला काटा चांगलाच चढला होता. खाली दत्ताराम हे बघत असतील का, एवढंच मनात. दोनचा आकडा लिहिला आणि उठले.

बंगल्यावर पोचेस्तोवर संध्याकाळ झाली. अंगणात पाऊल टाकलं तर जळक्या बोंबलाची दुर्गंधी सगळीकडे. टोकाच्या चुलीवरचा तवा कोळसा झाला होता. दत्ताराम ओट्यावर मांडी घालून बसले होते, समोर यंत्र, मांडीवर वही. भिजले होते. ओट्याला छप्पर होतं, पण गारा आडव्या येत होत्या, म्हणून त्यांनी छत्री यंत्रावर धरली होती.

"बोंबील लावलेले," ते म्हणाले, "तेवढ्यात साडेबारा झाले. मग हवा हलायला लागली, म्हणून उठलोच नाय."

वही घेतली. आठही वेळा, आठही आकडे. काट्यासारखं सरळ अक्षर. दुपारनंतरचा चढ खालीही तसाच होता, वरच्या बरोबरीनं. वजाबाकी करून बघितली. बांधाचं टोक नानांच्या आकड्याहून चांगलं पाचशे फूट उंच. त्या जेवणात मी आणि दत्ताराम दोघांनी कोरडी भाकरी खाल्ली आणि पानसिंगनं कुठून तरी लोणी आणून वाढलं.

ठाकूरद्वार, पुन्हा

सगळ्या प्रवासात जड वाटलं ते नानांच्या जिन्याच्या बावीस दगडी पायऱ्या चढणं. दत्तारामना मी मुद्दाम बरोबर नेलं.

मी आधी बांधाचं सांगितलं. ग्रॅनाइटचे धोंडे, रेघा, सगळं. एक रेघांचा दगड आणला होता, तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटं फिरवली आणि चेहरा उजळला. "दरड म्हणे," ते पुटपुटले. मग म्हणाले, "आणि यंत्र?"

मी यंत्र दिलं. त्यांची बोटं कडीवरून फिरली, पुन्हा फिरली, आणि थांबली.

"सुमती, दोरा कुठे आहे?"

"मी कापला, नाना."

आणि मग सगळं सांगितलं. गाऱ्हाणं सांगावं तसं नाही, वर्गात सांगते तसं. चौपाटी, हवा, ओटा, लाकडांमागचा दगड. शेवटी आकडा.  खाली ट्राम गेली. 

"दत्ताराम," ते म्हणाले, "तुमची वही वाचा. सावकाश."

दत्तारामनी वाचली. साडेदहा, आकडा. अकरा, आकडा. दोनपर्यंत. नाना डोळे मिटून ऐकत होते.

"म्हणजे वीस वर्षं मी लोकांवर रागावलो," ते म्हणाले, "त्यातला निम्मा राग फुकट गेला." मग हसले, अगदी थोडं. "घे कागद. लिही."

त्यांनी सांगितलेला मजकूर जसाच्या तसा असा: "या पुस्तकाच्या लेखकाने पूर्वी दिलेली उंची चुकीची होती. समुद्रावर लावलेले शून्य डोंगरात नेऊन त्याच्यावर विश्वास ठेवू नये. बांध मात्र खरा आहे. पुढील उंची नव्याने मोजलेली आहे." त्याखाली माझं नाव. मी लिहून थांबले. नाना म्हणाले, "खालचा माणूस राहिला."

आठवड्यानं प्रूफ आलं. ओली शाई, हाताला लागणारी. दत्ताराम प्रयोगशाळेच्या खिडकीशी उजेडाला उभे राहून ते वाचत होते. "खालचे वाचन: दत्ताराम परब, लालबाग." ओठ हलत होते. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं, त्यांनी तिकडे बांधावर बघितलं होतं तसं.

"बाई," ते म्हणाले, "चूक दाखवली तर चालात?"

"दाखवा."

"वेळ घातली नाय. साडेदहा ते दोन, दर अर्ध्या तासानं. एक पण चुकवलेली नाय."

मी पेन्सिल घेतली आणि समासात वेळ लिहिली.